उन्हात धुतलेलं पाणी

“पद्मे, पाणी लालच्या लालच आहे बघ,” टबात वाकून बघत नाना म्हणाले.

मला ते दिसतच होतं. लक्ष्मीपतीशेठच्या डाइंगच्या, म्हणजे रंगाच्या कारखान्याच्या, गच्चीवर दोनशे लिटरचा निळा टब सकाळी आठला भरला होता. टॉवेल रंगवून झाल्यावर गटारात जातं तेच पाणी त्यात होतं. मी माझी पांढुरकी पूड मोजून टाकली आणि दर पाच मिनिटांनी लाकडी दांड्यानं ढवळत दुपारचे तीन वाजवले. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन. चप्पल काढली तर तळवा भाजून निघेल असं. एवढं ऊन डोक्यावर होतं, तरी पाणी ढिम्म. सकाळी जसं होतं तसंच.

लक्ष्मीपतीशेठ जिना चढून आले. पांढरा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. टबात एक नजर टाकली आणि नानांकडे बघितलं.

“काय नरसय्या, पोरीचं औषध झोपलं का?”

नानांनी दांडा उचलून टब ढवळला. एकतीस वर्षं ते त्या डाइंगमध्ये रंगारी होते, आणि शेठपुढे गप्प बसायची सवयही तितकीच जुनी.

“चार दिवस राहिलेत,” शेठ मला म्हणाले. “सोमवारी प्रदूषण मंडळाच्या मॅडम येणार. पाणी साफ करून दाखवलं नाही तर सील. माझं एकट्याचं नाही, पेठेतली अकराच्या अकरा डाइंगं. तुझ्या बापासारखी दोन-अडीचशे माणसं घरी बसतील. तुझ्या शब्दावर मी मॅडमना या म्हटलंय.”

“हो शेठ.”

“आणि ज्यानं मंडळाकडे पाण्याची ही तक्रार केली ना, तो सापडू दे मला एकदा.” त्यांनी किल्ल्या मुठीत आवळल्या आणि खाली उतरले.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. मी तेव्हा सव्वीसची होते, विद्यापीठात हत्तुरे सरांच्या हाताखाली रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता झिंक ऑक्साइडचा, म्हणजे जस्ताच्या भस्माचा. घामोळ्यांच्या औषधात असते तीच पांढरी पूड. तिच्या कणांवर चांदीचे बारीक ठिपके बसवायचे आणि रंगाच्या पाण्यात टाकून उजेडात ठेवायची, की रंगाचे रेणू तुटतात. प्रयोगशाळेत मी हे शंभरदा करून बघितलं होतं. काचेच्या पेल्यात निळं पाणी, वर दिवा, आणि तासाभरात पाणी स्वच्छ. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी घरी येऊन नानांना सांगितलं होतं.

“चांदी कशाला लागते?” त्यांनी विचारलं होतं. त्यांना रंगाबद्दल कुणी काही सांगितलं की ते पूर्ण कळल्याशिवाय सोडत नसत.

“उजेड पडला की जस्ताच्या कणातून एक इलेक्ट्रॉन उडतो नाना. त्याची जागा रिकामी होते, आणि त्या रिकाम्या जागेला रंग फाडायची ताकद येते. पण उडालेला लगेच परत घरी येतो आणि ताकद संपते. चांदीचा ठिपका त्याला वाटेत धरून ठेवतो.”

“म्हणजे जावयाला सासरवाडीनं ठेवून घेतल्यासारखं,” नाना म्हणाले होते आणि अम्मा स्वयंपाकघरातून हसली होती.

आता गच्चीवर कुणी हसत नव्हतं. मी टबाच्या काठाला टेकून बसले. दोन वर्षांचं काम, आणि खऱ्या पाण्यापुढे ते असं उताणं पडलं होतं.

नानांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. बोटं बुडाली, तळवा बुडाला, मनगट बुडालं.

“पद्मे, इकडे ये. माझी बोटं दिसतात का?”

“नाही.”

त्यांनी हात हळूहळू वर आणला. पाण्याच्या वरच्या थरापासून अगदी बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आला तेव्हा कुठं नखं अंधूक दिसली.

“तुझं औषध उन्हावर चालतं म्हणतेस ना?”

“हो.”

“मग ऊन आत जातंय कुठं? मला माझी बोटं दिसेनात, तुझ्या पुडीला सूर्य कुठनं दिसणार?”

मी वाकून टबात बघितलं. पेल्यातलं माझं पाणी फिकं होतं, पेला लहान होता, उजेड आरपार जात होता. इथं वरचा पेरभर थर सोडला तर खाली काळोख होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि सातवी शिकलेल्या माझ्या बापानं हात बुडवून ती सांगितली होती.

“दुकानातून माल परत येतो बघ,” नाना हात झटकत म्हणाले. “काचेतल्या टॉवेलची वरची घडी तेवढी विटलेली असते. आतल्या घड्या नव्याकोऱ्या. ऊन वरचंच खातं.”

“नाना, मग पाणी पातळ पसरायला पाहिजे. कागदासारखं. पण पसरलं तर पूड वाहून जाईल...”

“पूड कशाला तरी चिकटवता येत नाही?”

“चिकटवायची कशावर?”

नानांनी गच्चीच्या कठड्यावरून खाली बोट दाखवलं. डाइंगच्या मागच्या अंगणात शहाबादी फरश्यांची थप्पी पडून होती. मशिनखालची जमीन केली तेव्हा उरलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्तुरे सरांकडे गेले. सगळं सांगितलं, टबाचंसुद्धा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, कपाट उघडलं आणि पुडीची मोठी बरणी काढून टेबलावर ठेवली. आठ महिने खपून मी केलेली सगळी पूड तीत होती. तिच्यावरच माझा प्रबंध पुरा व्हायचा होता.

“फरशीवर गेली की परत येणार नाही ही,” सर म्हणाले.

“माहीत आहे सर.”

“मग ने. पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात दे, ओला असतानाच वर पूड चाळ. आणि एक लक्षात ठेव, पद्मजा. रंग गेला म्हणजे घाण गेली असं नाही. रंगाचे तुकडे पाण्यात राहिले तर पाणी काचेसारखं दिसेल आणि तरी विषारी असेल. डोळ्यांवर विसंबू नकोस.”

शुक्रवार आणि शनिवार नाना आणि मी त्या अंगणात होतो. मी सिमेंट लावायची आणि नाना पूड चाळायचे. त्यांचा हात इतका सारखा चालायचा की एका जागी जास्त नाही, एका जागी कमी नाही. कामगार जाता येता बघत, पण बोलत नसत. डाइंग बंद पडायची भीती होती आणि त्यात एक शिकलेली पोरगी फरश्या रंगवत बसलेली. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं. रविवारी बारा फरश्या गच्चीवर चढवल्या, विटांच्या आधारानं उतरत्या लावल्या. वरच्या टोकाला भोकं पाडलेला आडवा पाइप, खालच्या टोकाला पिंप, आणि पिंपातलं पाणी परत वर नेणारा छोटा पंप. टॉवेल धुण्याच्या शेवटच्या हाताचं फिकं पाणी सोडून बघितलं. दीड तासात स्वच्छ झालं. मी नानांचा हात धरला. ते म्हणाले, “उद्या बघू.”

सोमवारी साडेदहाला देवस्थळी मॅडम आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, बरोबर बाटल्यांची पेटी घेतलेला एक शिपाई. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, “पद्मजा नरसय्या चिट्याल.” लिहिता लिहिता त्यांचं पेन क्षणभर थांबलं. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढं लिहायला लागल्या.

आम्ही तसल्याच फिक्या पाण्याचं पिंप तयार ठेवलं होतं. मॅडमनी त्यात डोकावून बघितलं.

“हे नको.”

“का मॅडम?” शेठनी विचारलं.

“हे तुम्ही निवडलेलं पाणी आहे. आत्ता खाली मशीनमधून जे सुटतंय ते आणा.”

खाली त्या वेळी गडद मरून रंगाचा घाणा चालू होता. पहिल्या हाताचं पाणी, सगळ्यात वाईट. रंग, मीठ, सोडा, सगळं त्यातच. शेठचा आवाज चढला. “मॅडम, ते पाणी दिवसाचं थोडंसंच असतं!”

“पण नाल्यात जातं ना?”

शेठनी खाली हाक मारली. वाफाळतं पाणी वर आलं.  मी तपासायची कागदी पट्टी बुडवली. सोड्याचा जोर भयंकर होता; तसंच सोडलं असतं तर त्यानं फरशीवरची पूडच विरघळवून टाकली असती.

“मॅडम, आम्ल घालून सोडा मारायला परवानगी आहे?”

“घाला. साधं पाणी मात्र एक थेंब मिसळायचं नाही.”

डाइंगमध्ये लागतं तेच आम्ल नानांनी आणलं, थोडं थोडं घातलं, मी पट्टी बघत राहिले. आणि अकरा वाजता पंप सुरू केला. फरश्यांवरून मरून पाणी पसरत खाली उतरलं. पहिल्या फेरीत तसंच, दहाव्या फेरीतही तसंच. मॅडम कठड्याच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि दर अर्ध्या तासानं एक छोटी बाटली भरून ओळीत ठेवत होत्या. पहिली आणि दुसरी बाटली शेजारी ठेवली तर फरक सांगता आला नसता.

आणि पावणेबाराला वीज गेली.

त्या वर्षी भारनियमन होतं, पण आमची वेळ संध्याकाळची होती. त्या दिवशी कुणी वेळापत्रक बदललं कोण जाणे. पंप गुरगुरला आणि थांबला. शेठचा जनरेटर खाली मशिनला जोडलेला, वर गच्चीपर्यंत वायर नव्हती. फरश्या बघता बघता वाळल्या. डोक्यावर सूर्य असा पेटला होता की वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन तेच असेल, आणि माझं पाणी पिंपात पडून होतं.

“वीज चारला येणार,” खालून कुणीतरी विचारून आलं.

“मी पाचपर्यंत थांबेन,” मॅडम म्हणाल्या. “त्यापुढे नाही.”

मी बादली उचलली, पिंपातून भरली आणि वरच्या टोकाला नेऊन ओतली. पाणी एकदम धबकन आलं आणि फरशीच्या एका बाजूनं ओघळून गेलं. दुसऱ्यांदा ओतलं, तेच झालं. 

नाना जिन्याच्या तोंडाशी गेले. माझ्या आठवणीत ते डाइंगमध्ये कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले.

“मल्लेश! बादल्या घेऊन वर ये! सगळे या!”

आधी मल्लेश आला, मग त्याच्यामागे दोघे, मग आठ-दहा जण. डोक्याला ओले टॉवेल गुंडाळलेले. नानांनी मला बाजूला केलं, वरच्या टोकाला उभे राहिले आणि मगातून पाण्याची धार पाइपावर धरली.

“धार मोडायची नाही. बारीक. रंगाच्या कुंडात रंग सोडतो तशी. एकाचा हात थांबायच्या आत दुसऱ्याचा सुरू.”

हे काम त्यांना शिकवावं लागलं नाही. सगळे रंगारीच. पाणी फरश्यांवर मलमलीसारखं पसरलं, कुठं जाड नाही, कुठं खंड नाही. पंपानंसुद्धा इतकं सारखं पसरलं नव्हतं. दोघे भरत, दोघे ओतत, दर वीस मिनिटांनी माणसं बदलत. नाना मात्र बदलले नाहीत. मी दोनदा म्हटलं, नाना सावलीत बसा. ते म्हणाले, “तू तुझी पट्टी बघ.”

एक वाजता मला वाटलं, पाण्याचा रंग जरा उतरलाय. वाटलं नुसतं, बोलले नाही. दीडच्या बाटलीनं ते खरं केलं. कोकम सरबतासारखा रंग. मल्लेश वाकून बघत म्हणाला, “उतरतंय बे!” आणि त्याच्यानंतर कुणाला बोलवावं लागलं नाही. खालच्या पाळीचे लोकही जेवण सोडून वर आले. अडीचला पेरूच्या गरासारखं गुलाबी. सव्वातीनला फिकट चहा. मग कितीतरी वेळ तो चहाचा रंग हटेना. शेठ येरझाऱ्या घालत होते, किल्ल्या वाजत होत्या. चार वाजले. वीज आली. पंप लावायला कुणीच उठलं नाही, माणसांनी धार धरलीच होती.

पावणेपाचला मॅडम खुर्चीवरून उठल्या. बाटली भरली, तिच्यामागे वर्तमानपत्र धरलं आणि त्यातली एक बारीक अक्षरातली जाहिरात आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. गाईम्हशींच्या पेंडीची होती. पुरी वाचली, अगदी पत्त्यासकट.

गच्चीवर जो आवाज झाला तो खाली रस्त्यापर्यंत गेला असणार. कुणी बादल्या वाजवल्या. मल्लेशनं नानांना उचललं. मला रडू आलं, आणि ते घामात कुणाला दिसलं नाही.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “रंग गेला, हे मी लिहिते. आत काय उरलंय ते प्रयोगशाळा सांगेल. आठ दिवस लागतील.” त्यांनी तीन बाटल्या भरल्या, लाखेनं बंद केल्या आणि पंचनाम्याचा कागद काढला. “मालकांची सही आणि दोन साक्षीदार.”

शेठनी पेन घेतलं. चेहरा नुसता फुलला होता. “आता येऊ दे म्हणावं तो तक्रार करणारा! कोण हरामखोर आहे तो, त्यालाच ही बाटली पाजतो!”

सगळे हसले. मीही हसून घेतलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि देवस्थळी मॅडम मान खाली घालून मुद्दाम कागदच बघत होत्या.

“शेठ, तक्रार मी केली होती,” मी म्हणाले.

वाजणाऱ्या बादल्या थांबल्या.

“आपल्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं होतं. बायका त्यावर भांडी घासत होत्या, पोरं अंघोळ करत होती. मल्लेशच्या मुलीच्या अंगावर चट्टे उठले. मी पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. रंग आपलाच होता. शेठ, मी आधी तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, रंगवाल्यांच्या गल्लीत पाणी रंगीत असणारच. मग मी अर्ज दिला. माझं नाव लिहून दिला.”

शेठनी पेन कागदावर टाकलं. “माझंच खाऊन...” त्यांनी कागद मागे सारला. “मी सही करत नाही. कुणीही करायची नाही. नरसय्या, हिला घेऊन खाली उतर.”

“मालकांनी नकार दिला असं मी लिहीन,” मॅडम म्हणाल्या. “पण साक्षीदार दोन लागतील. नाहीतर हे नमुने मला धरता येणार नाहीत.”

मी नानांकडे बघितलं. त्या अख्ख्या दिवसात मला ऊन लागलं नव्हतं, ते त्या वेळी लागलं.

“अर्ज कधी दिलास?” त्यांनी विचारलं.

“संक्रांतीनंतर.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हणालो असतो,” नाना म्हणाले. “आणि ते चुकलं असतं.”

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले आणि शेठच्या समोरून चालत मॅडमपाशी गेले. “मॅडम, सही कुठं करायची?”

एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. नरसय्या राजय्या चिट्याल. पेन खाली ठेवायच्या आत मल्लेशनं ते त्यांच्या हातून घेतलं. “चट्टे उठले ती पोरगी माझी आहे,” तो शेठना म्हणाला, आणि त्यानंही सही केली.

आठ दिवस नाना कामावर गेले नाहीत. कुणी काढलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. घरात बसून ते अम्माला विहिरीचं विचारत, किती महिने झाले, कुणाकुणाला त्रास झाला. आधी माहीत नव्हतं असं नाही. आधी विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी लक्ष्मीपतीशेठ आमच्या दारात उभे होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अम्मानं खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. खिशातून लिफाफा काढून माझ्यापुढे धरला.

“सरकारी मराठी आहे. वाच.”

मी वाचलं. रंग मर्यादेत. सेंद्रिय घाण मर्यादेत. क्षार जास्त, त्यासाठी वेगळी सोय करावी. अकराही डाइंगांना अशी व्यवस्था बसवायला सहा महिन्यांची मुदत, तोवर सील नाही.

“परत वाच.”

मी परत वाचलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि या वेळी नाना दारात येऊन उभे राहिले.

“कामावर येणार का नरसय्या?” शेठनी विचारलं.

“विहीर उपसून द्या,” नाना म्हणाले. “मग येतो.”

शेठनी लिफाफा परत घेऊन खिशात घातला. एकतीस वर्षांत नानांनी त्यांना काही मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. “पाठवतो माणसं,” ते म्हणाले, आणि पायरी उतरता उतरता माझ्याकडे वळले. “सोमवारी दहाला गच्चीवर ये. बाकीचे दहा जण बघायला यायचेत.”

सोमवारी गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. अकरा मालक, त्यांचे रंगारी, कोपऱ्यात हत्तुरे सरसुद्धा. मी रात्रभर पाठ करून आले होते, पण इतके चेहरे बघून पहिलं वाक्यच विसरले. म्हणून जे तोंडात आलं ते बोलले.

“मी पद्मजा नरसय्या चिट्याल. विहिरीचा अर्ज मीच केला होता.”

कुणी उठून गेलं नाही. पुढच्या रांगेत बसलेले लक्ष्मीपतीशेठ हात हलवत म्हणाले, “ते माहीत आहे सगळ्यांना. पुढचं सांग. फरशीला उतार किती द्यायचा?”

“दोन हातांमागे तीन बोटं,” मी म्हणाले, आणि अकरा जणांनी ते लिहून घेतलं.